कॅसिनो घराण्यांच्या वाढीच्या तीन वाटा: बॉइड, फर्टिटा आणि करानो

एखाद्या कुटुंबाच्या मालकीचा मनोरंजन व्यवसाय एक-दोन पिढ्या नीट चालला की वाढीचा प्रश्न हटकून पुढे येतो: वाढायचे ते कोणाच्या पैशाने, आणि त्या पैशाच्या बदल्यात काय सोडायचे? अमेरिकेतील नेवाडा राज्यातील तीन घराण्यांनी या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली. लास वेगासच्या बॉइड कुटुंबाने कमाईच्या बेताने एकेक मालमत्ता जोडली, त्याच शहरातील फर्टिटा कुटुंबाने जमीन आणि स्थानिक गिऱ्हाईक हाती धरले, तर रेनोच्या करानो कुटुंबाने आपल्याहून मोठ्या कंपन्या विकत घेतल्या. अशाच निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या कुटुंबाने या तिघांच्या मालमत्तांची संख्या मोजण्याआधी त्यांची कर्जे केव्हा फेडायची होती आणि त्या वेळी मालकी कोणाच्या हातात राहिली हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिघांची सुरुवात लहान होती. सॅम बॉइड १९४१ मध्ये लास वेगासला आले तेव्हा त्यांच्याजवळ जेमतेम ८० डॉलर होते. डीलर म्हणून, म्हणजे जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटण्याचे काम करत, वरच्या पदांवर चढत त्यांनी बचत केली आणि त्या बचतीतून मोठ्या कॅसिनोंमधले छोटे हिस्से घेतले. १९६२ मध्ये त्यांनी मुलगा बिल याच्यासह हेंडरसन येथील एल्डोराडो हा छोटा कॅसिनो घेतला. थोरले फ्रँक फर्टिटा १९६० मध्ये टेक्सासमधील गॅल्व्हस्टनहून आले, त्यांनीही डीलरचे काम केले, आणि १९७६ मध्ये त्यांनी स्ट्रिपपासून, म्हणजे बड्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यापासून, दूर सुमारे ५,००० चौरस फुटांची एक जागा उघडली, जिचे पुढे पॅलेस स्टेशन झाले. डॉन करानो हे रेनोतील वकील. त्यांच्या एल्डोराडो हॉटेलची १९७३ ची सुरुवात २८२ खोल्यांची होती. बॉइड यांच्या एल्डोराडोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही, हे येथेच सांगितलेले बरे.

बॉइड यांच्या वाढीची पद्धत गिऱ्हाईक ओळखण्यापासून सुरू होते. १९७५ मध्ये त्यांनी लास वेगासच्या जुन्या मध्यवस्तीत कॅलिफोर्निया हॉटेल उघडले आणि, नाव काहीही असले तरी, पुढे तेथे पाहुणे आणले ते हवाईहून. सॅम यांनी तरुणपणी हवाईत काम केले असल्याने तेथील लोकांना काय रुचते हे त्यांना ठाऊक होते. १९७९ मध्ये बोल्डर हायवेवर सॅम्स टाउन आले, तेही पर्यटकांपेक्षा स्थानिकांना समोर ठेवून. १९८५ मध्ये स्टारडस्ट आणि फ्रीमाँट त्यांच्या हाती आले, त्यामागे नियामकांचा विश्वास होता. स्टारडस्टमध्ये मोजणीआधीच रोकड काढून घेण्याचे प्रकार उघड झाल्यावर तो कॅसिनो स्वच्छपणे चालवू शकेल असा चालक राज्याला हवा होता, आणि निवड बॉइड यांच्यावर झाली. परवान्यावर चालणाऱ्या व्यवसायात निष्कलंक नाव हेही एक भांडवलच असते, आणि ते कोणतीही बँक कर्जाऊ देत नाही.

१९९३ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले, त्याच वर्षी सॅम यांचे निधन झाले, आणि बिल यांच्या हाताखाली कंपनी मिसिसिपी, लुइझियाना, इलिनॉय, इंडियाना अशी राज्याराज्यांत पसरली. अटलांटिक सिटीतील १.१ अब्ज डॉलरचा बोर्गाटा प्रकल्प २००३ मध्ये उघडला, तो एमजीएम या बड्या कॅसिनो कंपनीबरोबरच्या भागीदारीत. एवढ्या खर्चाचा निम्माच भार अंगावर घ्यायचा हा हिशेब त्यात होता. २००४ मध्ये कोस्ट कॅसिनो सुमारे १.३ अब्ज डॉलरला घेऊन त्यांनी लास वेगासच्या स्थानिक बाजारात थेट फर्टिटांसमोर पाय रोवले.

याच घराण्याने एकदा आपली चाल मोडली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये स्टारडस्ट बंद करून त्या जागी एशेलॉन नावाचा, चार अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा प्रकल्प त्यांनी हाती घेतला. २००७ मध्ये बांधकाम सुरू झाले, आणि १ ऑगस्ट २००८ रोजी, अर्धे सांगाडे उभे असताना, त्यांनी ते थांबवले. लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळण्याच्या सहा आठवडे आधी घेतलेला हा निर्णय मला या साऱ्या इतिहासातील सर्वात शहाणपणाचा वाटतो. झालेला खर्च डोळ्यांसमोर उभा होता, तरी पुढचा खर्च भागवायला कमाई पुरणार नाही हे त्यांनी मान्य केले. २०१३ मध्ये ती जागा मलेशियाच्या गेंटिंग कंपनीने ३५ कोटी डॉलरला घेतली आणि तेथे २०२१ मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड उघडले. बॉइड यांना तोटा झाला, पण कंपनी शाबूत राहिली, आणि २०१२ मध्येच पेनिन्सुला गेमिंग ही कंपनी सुमारे १.४५ अब्ज डॉलरला घेण्याइतकी उभीही राहिली. २०२४ मध्ये तिच्या २८ मालमत्ता १० राज्यांत होत्या.

त्याच वर्षांत फर्टिटांचे काय झाले हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. थोरल्या फ्रँक यांची मुले, फ्रँक धाकटे आणि लोरेंझो, या भावांनी १९९३ मध्ये समभागविक्री करून पैसा उभा केला आणि बोल्डर स्टेशन, टेक्सास स्टेशन, सनसेट स्टेशन असे कॅसिनो वाढत्या उपनगरांत उभे केले. त्यांत चित्रपटगृहे, बोलिंग, स्वस्त जेवण आणि व्हिडिओ पोकरची यंत्रे असत, म्हणजे दर आठवड्याला पुन्हा येणाऱ्या शेजाऱ्यांसाठीची सोय. त्यांची खरी ताकद जमिनीत होती. १९९७ च्या नेवाडातील कायद्याने वस्त्यांजवळ नव्या कॅसिनोंना परवानगी मिळणे फार अवघड केले, आणि ज्यांच्याकडे योग्य ठिकाणची जमीन आधीच होती त्यांच्याभोवती आपोआप कुंपण उभे राहिले. रेड रॉक हा ९२.५ कोटी डॉलरचा कॅसिनो २००६ मध्ये उघडला तेव्हा ही पद्धत शिखरावर होती.

मग २००७ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोनी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीबरोबर त्यांनी सुमारे ५.४ अब्ज डॉलर मोजून कंपनी शेअर बाजारातून काढून पुन्हा खासगी केली. उद्देश समजण्याजोगा होता: तिमाही निकालांचा जाच नको, दूरचा विचार करता यावा. पण पैसा मुख्यतः कर्जाचा होता आणि घरांच्या किमती कोसळल्याचा पहिला फटका लास वेगासच्या उपनगरांना, म्हणजे त्यांच्याच गिऱ्हाइकाला बसला. जुलै २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितले. २०११ मध्ये ती बाहेर पडली तेव्हा कुटुंबाकडे ४५ टक्के हिस्सा होता. कॅसिनो चांगले होते, जागा चांगल्या होत्या, चालकही तेच होते. चुकली होती ती कर्जाची मात्रा आणि वेळ.

या घराण्याकडून दोन गोष्टी मात्र नक्की घ्याव्यात. पहिली म्हणजे जोखमीचा व्यवसाय वेगळ्या चुलीवर ठेवणे. दोघा भावांनी २००१ मध्ये यूएफसी ही झुंजीची स्पर्धा २० लाख डॉलरला घेतली ती स्वतःच्या वेगळ्या कंपनीतून, त्यामुळे कॅसिनो कंपनीच्या दिवाळखोरीची झळ तिला लागली नाही आणि २०१६ मध्ये ती सुमारे ४ अब्ज डॉलरला विकता आली. दुसरी म्हणजे मताधिकार. त्याच वर्षी रेड रॉक रिसॉर्ट्स या नावाने कंपनी पुन्हा बाजारात आली तेव्हा कुटुंबाच्या समभागांना एकाला दहा मते ठेवण्यात आली, आणि बाहेरचा पैसा घेऊनही सूत्रे घरातच राहिली. ड्युरँगो हा ७८ कोटी डॉलरचा कॅसिनो २०२३ मध्ये त्याच जुन्या विचाराने उघडला.

करानो कुटुंब चार दशके रेनोभोवतीच राहिले. १९९५ चा सिल्व्हर लेगसी भागीदारीत, २००५ मध्ये लुइझियानातील श्रीव्हपोर्ट, एवढाच विस्तार. २०१४ मध्ये एमटीआर गेमिंग या बाजारात आधीच नोंदलेल्या कंपनीत विलीन होऊन त्यांनी शेअर बाजारात प्रवेश मिळवला आणि त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे: २०१७ मध्ये आयल ऑफ कॅप्री १.७ अब्ज डॉलरला, २०१८ मध्ये ट्रॉपिकाना एंटरटेनमेंट १.८५ अब्जांच्या व्यवहारात, आणि जुलै २०२० मध्ये, नेवाडातील कॅसिनो महामारीमुळे अडीच महिने बंद राहून नुकते उघडले असताना, कर्जासह १७.३ अब्ज डॉलरचे सीझर्स. नाव मोठ्याचे राहिले, कारभार लहान्याकडे आला.

हे शक्य झाले त्यामागे एक युक्ती आहे, आणि निर्णय करणाऱ्याने ती नीट समजून घ्यावी. ट्रॉपिकानाच्या व्यवहारात इमारती आणि जमिनी एका स्थावर मालमत्ता कंपनीने घेतल्या, करानोंच्या एल्डोराडो कंपनीने फक्त चालवण्याचा व्यवसाय घेतला आणि भाडे कबूल केले. सीझर्सच्या बाबतीतही व्हिसी या कंपनीने मालमत्ता विकत घेऊन रोकड पुरवली. अशा रीतीने थोड्या भांडवलावर प्रचंड व्यवसाय हाती येतो. पण भाडे मंदीतही द्यावे लागते आणि छप्पर दुसऱ्याचे असते. शिवाय प्रत्येक विलीनीकरणात नवे समभाग निघाले आणि कुटुंबाचा वाटा पातळ होत गेला. डॉन करानो २०१७ मध्ये वारले. त्यांचे पुत्र गॅरी करानो अध्यक्षपदी राहिले, कार्यकारी प्रमुखपद मात्र २०१९ मध्ये कुटुंबाबाहेरच्या टॉम रीग यांच्याकडे गेले. याला मी अपयश म्हणणार नाही. कुटुंबाची संपत्ती वाढली, कुटुंबाची कंपनी मात्र उरली नाही. हा सौदा ज्यांना मान्य असेल त्यांच्यासाठी ही वाट खुली आहे.

पुढच्या पिढीला व्यवसाय स्वतः चालवायचा असेल तर मी बॉइड यांची वाट सुचवीन: मोठ्या प्रकल्पात भागीदार, खरेदी कमाईच्या बेताने, आणि थांबण्याची तयारी. एकाच शहरात मोक्याची, दुसऱ्याला न मिळणारी जमीन हाती असेल तर फर्टिटांची पद्धत अधिक नफ्याची ठरते, मात्र सारे गिऱ्हाईक एकाच गावचे असल्याने कर्ज इतरांपेक्षा कमीच ठेवायला हवे. वारसांना चालवण्यात रस नसेल आणि चांगला व्यवस्थापक हाताशी असेल, तरच करानोंच्या मार्गाचा विचार करावा.

कोणतीही वाट धरली तरी एक काम कर्जाच्या कागदांवर सही होण्याआधी उरकावे. नेवाडात बाजारात नोंदलेल्या कंपनीचा १० टक्क्यांहून अधिक हिस्सा ज्याच्याकडे जातो त्याला नियामकांपुढे पात्रता सिद्ध करावी लागते, त्याच्या आर्थिक व्यवहारांची सखोल चौकशी होते आणि तिचा खर्च अर्जदारालाच सोसावा लागतो. तेव्हा पुढच्या पिढीतील कोण या चौकशीला सामोरे जायला तयार आहे, कोणाला निव्वळ लाभांश हवा आहे आणि कोणाला हिस्सा विकून मोकळे व्हायचे आहे, हे आधी एकेकाला विचारून लेखी घ्यावे, कारण विकून बाहेर पडणाऱ्यांना द्यायची रक्कमही वाढीच्याच भांडवलातून जाणार असते.