मिरजेत तानपुऱ्याची जवारी करून घेतली, त्याबद्दल

ज्यांच्या घरी जुना तानपुरा गवसणीत गुंडाळून कोपऱ्यात उभा आहे त्यांच्यासाठी लिहितेय. तो दुरुस्त करून घ्या आणि जमत असेल तर मिरजेला स्वतः जाऊन, कारागिरासमोर बसून करून घ्या. मी नुकताच आत्याचा तानपुरा तिथल्या सतारमेकर गल्लीतून करून आणलाय आणि इतकं समाधान मला अलीकडे कुठल्याच खरेदीने दिलेलं नाही.

आत्या गायची काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, मी गाते काळी चारमध्ये. एका सुराचा तर फरक, खुंट्या पिळून उतरवला की झालं असं वाटतं, पण तसं नसतं. स्वर उतरवला की तार सैल पडते, घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, वेगळी बसते आणि आवाज बोदा होतो. मग तारा नीट गेजच्या, म्हणजे योग्य जाडीच्या, घालायच्या आणि जवारी परत काढायची, म्हणजे घोडीचा माथा हलका घासून तारांचा नाद जुळवायचा. आधी इथे शहरातच एकाकडे दिला होता, त्याने घोडी इतकी घासून ठेवली की चारही तारा पत्र्यावर वाजल्यासारख्या वाजायला लागल्या, नंतर कितीतरी महिने मी मोबाईलमधल्या तानपुऱ्यावरच रियाज केला. ॲप वाईट नाही हो, प्रवासात तर फारच सोयीचं, पण ते तेच ते आवर्तन फिरवत राहतं. आपण सुरात लागलो काय नि बेसूर झालो काय, खोलीत काहीच बदलत नाही.

मिरज स्टेशनवरून रिक्षाने गल्लीत पोचलात की आधी वास येतो, पॉलिशचा आणि लाकडाच्या भुशाचा. दुकानं छोटी, वर टांगलेले सुके भोपळे, खाली बिनरंगाच्या दांड्या. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, चवीला कडू जातीचे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यांचं काम सुरू केलं आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे त्या-त्या ठिकाणच्या खास वस्तूला मिळणारं भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. फार आनंद झाला मला ते वाचून, खूप आधीच मिळायला हवं होतं.

दुकानाचं नाव देत नाहीये, कारण प्रत्येकाच्या हाताची जवारी वेगळी असते आणि माझ्या कानाला भावलेला हात तुमच्या कानाला भावेलच असं नाही. दोन-तीन ठिकाणी बसा, ऐका, मग ठरवा.

मी ज्या चाचांकडे गेले त्यांनी तानपुऱ्याला हातही लावायच्या आधी सांगितलं, "ताई, जरा सा लावा बघू." मी लावला. मग विचारलं, "खुली पाहिजे का बंद?" खुली म्हणजे झणझणीत, लांबवर पसरणारी, बंद म्हणजे गोल, आतल्या आत घुमणारी. मला मधली हवी होती, खर्ज (सगळ्यात खालच्या सा ची तार) भरलेला पण जोड (मधल्या दोन सा च्या तारा) फार चरचरणारी नको. त्यांनी तारा सैल करून बाजूला सारल्या, घोडीवर कानस अगदी हलकी फिरवली, म्हणजे खरंच दोन-चार हात, की लगेच पुसून तारा परत चढवल्या, छेडल्या, मान हलवली, परत सैल. असं कितीतरी वेळ. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो पण तो किंचित उतरता असतो आणि तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, सगळी गंमत त्यातच आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या याच घोडीवर निबंध लिहिलाय. चाचांना मी ते सांगितलं तर ते म्हणाले, "असंल की, पण कान पाहिजे."

शेवटी सूत. तार आणि घोडीच्या मध्ये एक साधा दोरा सरकवतात. तो बोटाने पुढेमागे करत होते तोवर आवाज नुसता बरा होता, आणि मग एका जागी, केसभर पुढे गेल्यावर, खर्जाची तार एकदम उघडली आणि तिच्यातून गंधार, म्हणजे ग, ऐकू यायला लागला. कुणी गंधार छेडत नव्हतं, तानपुऱ्यावर गंधाराची तारच नसते. स्वयंभू गंधार म्हणतात ते हेच. पुस्तकात वाचलं होतं, गुरुजींनी सांगितलं होतं, पण आपल्या घरच्या वाद्यातून तो उमटताना ऐकणं वेगळंच, माझे डोळे भरून आले, आणि चाचा लगेच सुतावर बोट दाबून म्हणाले आता हलवायचं नाही, हीच जागा.

आता जे खटकलं तेही सांगते. रेट लिहिलेले नसतात, तोंडी ठरतात, पण मला सांगितले त्याच्या वर एक रुपया घेतला नाही. फोनवर दिलेली तारीख पाळली जाईलच असं नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी परत फोन कराच. बसायला जागा कमी आहे, आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी काम थांबतं तेव्हा तासभर हाताशी ठेवा. तो वेळ मी मीरासाहेब दर्ग्यात घालवला, तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, १९३७ मध्ये ते गेले. ज्या किराणा घराण्याने सुराचा इतका ध्यास घेतला त्याच्या मोठ्या गवयाच्या जवळच तानपुरे घडावेत हे मला फार योग्य वाटलं.

घरी आणल्यावर कोजागिरीला छोटी बैठक ठेवली. एरवी आमच्याकडे गाणं सुरू होईपर्यंत गप्पा, मसाला दूध, मोबाईल, फोटो हे सगळं चालूच असतं आणि गाणाऱ्याला त्यातच सुरुवात करावी लागते. यावेळी मी नुसता तानपुरा जुळवायला घेतला, जोड मिळाली, पंचम मिळाला, आणि लोक आपसूक गप्प झाले. शेजारच्या काकूंनी तर गाणं झाल्यावर विचारलं, थोडा वेळ नुसता तोच वाजव ना. वाजवला. मैफिलीत स्पीकरवरच्या तानपुऱ्याने असं झालेलं मी कधी पाहिलं नाही.

जाणार असाल तर रात्रीच्या गाडीने जा, सकाळी लवकर पोचाल तर गल्लीत गर्दी नसते. तानपुरा वरच्या बर्थवर भोपळा भिंतीकडे करून ठेवा, खाली सीटखाली नको, आणि निघताना तारा थोड्या उतरवा. पावसाळ्यात जवारी करून घेऊ नका, हवा दमट असते, नंतर परत सेट करावी लागते. तुमचा स्वर कोणता ते नक्की करून जा आणि तिथे लाजू नका, मोकळ्या आवाजात गाऊन दाखवा, त्यावरच ते सगळं ठरवतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.