बंद शटरच्या दुकानात 168 गिऱ्हाइकं

2,36,000 रुपये, गूगलवर जाहिरात करून देतो म्हणणाऱ्या एजन्सीला दिलेले. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे मधेच कोणी "पण गेले किती?" असं विचारायला नको. घरात तेवढंच ऐकतेय.

आमचा पुण्यात वॉटरप्रूफिंगचा धंदा आहे. नवरा साइटवर असतो. ऑफिस, बिलं, फोन माझ्याकडे. मार्च ते जून हा आमचा हंगाम, तेव्हा कमवायचं आणि दिवाळीपर्यंत पुरवायचं. गूगलवर "गच्ची गळती" शोधलं की आपलं नाव वर दिसावं, हे खूळ माझंच. नवरा म्हणत होता, रिक्षांच्या मागे पाट्या लावू. मी त्याला हसले होते.

एजन्सीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. ठरलं ते असं: महिन्याला जाहिरातीचे 40,000, त्यांची फी 10,000, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 59,000, तेही आगाऊ. मार्च 2025 पासून चार महिने मी 1 तारखेला पैसे पाठवत होते. कामगारांचे पगार एकदा दोन दिवस लांबवले, यांचे नाही.

आणि मी काही डोळे मिटून बसले नव्हते. अ‍ॅनालिटिक्सचं लॉगिन पहिल्याच आठवड्यात मागून घेतलं. वेबसाइटवर किती लोक आले, कुठून आले, ते मोजणारं हे गूगलचं साधन. रोज सकाळी चहा घेताना उघडायचे. आलेले लोक कुठून आले, तर "गूगल / सीपीसी", म्हणजे पैसे मोजून मिळवलेली, शोधातून आलेली क्लिक. आकडे चढते. यापुढे एका बाईने काय बघायचं?

बघायचं होतं ते असं. ती ओळख अ‍ॅनालिटिक्स प्रत्येक वेळी पारखून घेत नाही. लिंकच्या शेपटीला यूटीएम नावाचे शब्द जोडता येतात. तिथे सोर्स "गूगल" आणि मीडियम "सीपीसी" असं लिहिलं की ते तसंच नोंदवलं जातं. ते शब्द कोणीही टाइप करू शकतो. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव मी "जिल्हाधिकारी" लिहिलं, तर पोस्टमन काही खात्री करायला येत नाही, तसंच. यांनी कुठून तरी भाड्याची स्वस्त वर्दळ आणली आणि तिला गूगलची शेपटी लावून माझ्या वेबसाइटवर सोडली.

गूगलच्या जाहिरातीवरून आलेल्या क्लिकला ऑटो-टॅगिंग चालू असेल तर गूगल स्वतःच एक लांबलचक खूण जोडतं. तिला जीक्लिड म्हणतात, दर क्लिकला वेगळी. आयफोनवरून येताना काही वेळा तिच्या जागी जीब्रेड किंवा डब्ल्यूब्रेड असतं. तीही कोणी खोटी बनवू शकतो म्हणा, पण यांनी तेवढी तसदी घेतली नाही. समोरची बाई किती पाण्यात आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं.

आता मे महिना. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

आमच्या होस्टिंगची, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेची, मुदत संपली. आठवणीचे मेल नवऱ्याच्या जुन्या, कोणी न उघडणाऱ्या पत्त्यावर जात होते. 17, 18, 19 मे, शनिवार ते सोमवार, साइट पूर्ण बंद. पैसे भरून मंगळवारी सुरू झाली. महिनाअखेरीस एजन्सीची रंगीत पीडीएफ आली. त्यात या तीन दिवसांच्या क्लिक 58, 61 आणि 49. मला खटकलं. मी फोन केला, हो, केला! त्यांच्याकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅम, क्लिक जाहिरातीवर मोजली जाते. साइट उघडली नाही तरी क्लिक ती क्लिकच." हे खरंही आहे, म्हणून तर मी गप्प बसले. पण त्याच तक्त्यात, त्याच ओळीत, शेजारच्याच रकान्यात लिहिलं होतं: साइटवर सरासरी थांबलेला वेळ, 1 मिनिट 40 सेकंद. शटर पाडलेल्या दुकानात 168 गिऱ्हाइकं प्रत्येकी पावणेदोन मिनिटं बसून गेली होती आणि मी ती ओळ बोटाखाली धरून "बरं, बरं" म्हणत होते. त्याच सकाळी अ‍ॅनालिटिक्समध्ये मागे जाऊन ते तीन दिवस बघितले असते तर तिथे भोपळा दिसला असता. नाही बघितलं. जूनचे 59,000 पाठवले.

त्यात 2025 चा पाऊस मे महिन्यातच उतरला. गावभर गच्च्या गळत होत्या, आणि आमचा फोन? माझ्या वहीत चार महिन्यांत जाहिरातीतल्या नंबरवर 31 फोन. त्यातले काही नोकरी मागणारे, एक पत्र्याची शेड विकणारा. कामं मिळाली 3. ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा थर घालायचं, त्यातलं एकच.

पहिली खरी ठेच लागली सीएकडे. जूनमध्ये ते म्हणाले, "वहिनी, यांची बिलं तुमच्या 2बी मध्ये दिसतच नाहीत." 2बी म्हणजे विकणाऱ्यांनी सरकारकडे दाखवलेल्या बिलांची जीएसटीची यादी. तिथे नाही, म्हणजे माझ्याकडून घेतलेला जीएसटी त्यांनी दाखवलाच नव्हता. 9,000 गुणिले 4, 36,000 रुपये, ज्याची वजावटही मला मिळणार नाही. बिल हातात आहे म्हणून खूश होऊ नका, दर महिन्याला 2बी उघडून बघा.

मग दिराच्या मुलाला बसवलं. त्याने होस्टिंगमधून सर्व्हरचा मूळ लॉग, म्हणजे साइटवरच्या दर भेटीची आपोआप होणारी नोंद, काढला. मार्च-एप्रिलचा पुसला गेला होता, कारण जुने लॉग जपून ठेवायची खूण आम्ही कधी केलीच नव्हती. (आजच करा.) मेचा सापडला. एजन्सीच्या पीडीएफमध्ये मेच्या क्लिक 1,684, खर्च 39,995 रुपये. लॉगमध्ये तिन्ही प्रकारच्या खुणा धरून खऱ्या निघाल्या 212. त्यांच्याच 23.75 रुपये दराने हिशेब केला तर 5,035 रुपये. काही खुणा वाटेत गळतात, हे मान्य. म्हणून काय हजार-बाराशे गळतील?

बाकीच्या बहुतेक भेटी एका डेटा सेंटरच्या, म्हणजे नुसती यंत्रं असतात तिथल्या, मोजक्या आयपींवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यांवरून), पहाटे तीन ते पाच. पोरगा म्हणाला, "काकू, एवढी माणसं पहाटे साडेतीनला उठून गच्ची बघतात?" एजन्सीला विचारलं तर उत्तर, "मॅम, लॉगमधली वेळ अमेरिकेची असते." पोराने दर ओळीतल्या वेळेपुढचं +0530, म्हणजे भारतीय वेळेची खूण, दाखवलं. त्या दिवसापासून त्यांचा फोन बंद.

जाहिरातीचं खातं त्यांच्या नावावर, कार्ड त्यांचं. मी गूगलला काय सांगणार? खात्याचा दहा आकडी कस्टमर आयडीसुद्धा माझ्याकडे नव्हता. तो मागितला तर एजन्सीने दिलाच पाहिजे, क्लिक आणि खर्चाचे आकडेही दिले पाहिजेत, हा गूगलचाच नियम आहे, आणि मोडला तर तक्रार करता येते. मला हे पैसे गेल्यावर कळलं. खातं तुमच्या मेलवर उघडा, कार्ड तुमचं लावा, एजन्सीला फक्त आत यायची परवानगी द्या. पीडीएफ कोणी दाखवली तर लॉगिन मागा.

चौकीत गेले. "ओटीपी दिला होता का? नाही? मग फ्रॉड कसा?" मी समजावत होते, साहेब मोबाईलवर क्रिकेट बघत होते. शेवटी, "मॅडम, हा सिव्हिल मॅटर आहे, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, व्यवहार तुम्ही स्वखुशीने केलाय, आधी चौकीचं पत्र आणा. चौकी म्हणे, पत्र देता येत नाही. ग्राहक आयोगाचं वकिलांना विचारलं तर धंद्यासाठी घेतलेली सेवा कायद्याने बाहेर. एकट्याने पोट भरण्यासाठी असेल तर सूट, पण आमच्याकडे सहा कामगार, तिथेच समोरचा वकील आडवा येईल. जीएसटीच्या अर्जाची नुसती पोच मिळाली. मेलं कोणाचंच काम नाही हे! कोणी मोबाईलवरून 500 रुपये उडवले तर त्याला रकाना आहे, चार महिने पावती देऊन लुटलं तर नाही.

चौथ्या खेपेला साहेबांनी पुरावा मागितला. मी पेन ड्राइव्ह पुढे केला. "हे चालणार नाही, प्रिंट आणा." नुसत्या मे महिन्याच्या लॉगची 412 पानं झाली, दोन रुपयांप्रमाणे 824 रुपये. वकील म्हणाले होते की इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमातल्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेही वर लावून नेलं. पानं उलटून एकदा बघितली गेली, मग गठ्ठा टेबलाच्या कडेला सरकला. परवा चौकशीला गेले तेव्हा तो तिथेच होता आणि वरच्या पानावर चहाच्या ग्लासाचा गोल उमटला होता.