घरखर्चासाठी चार बँक खाती : वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

पगार एकाच खात्यात येतो, गृहकर्जाचा हप्ता तिथूनच जातो, यूपीआयही त्यालाच जोडलेलं. मग वीस तारखेला दिसणाऱ्या शिलकीतले खर्चायला मोकळे पैसे किती, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे दोघांचे पगार असूनही हेच चालायचं. गेल्या वर्षी एप्रिलपासून आम्ही पैसे चार खात्यांत वाटून घर चालवतोय. जूनची शाळेची फी, गौरी-गणपती, दिवाळी, सगळं या पद्धतीतून पार पडलं आहे, त्यामुळे आता नीट सांगता येईल.

मांडणी अशी. ह्यांचं पगाराचं खातं फक्त ठरलेल्या देण्यांसाठी : गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक), विम्याचे मासिक हप्ते, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स. माझ्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याला त्यात ठरलेली भर जाते. दुसरं आमचं दोघांचं जॉइंट खातं, 'कोणीही एक किंवा हयात' पद्धतीचं (म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने चालवता येणारं), ते घरखर्चाचं. तिसरं वर्षाकाठी येणाऱ्या खर्चांचं आणि चौथं अडीअडचणीचं. माझ्या पगाराचं खातं या चारांत धरलेलं नाही, तिथून पैसे फक्त पुढे जातात. सासूबाईंच्या पेन्शनच्या खात्याला आम्ही हात लावलेला नाही. तो त्यांचा पैसा आहे आणि त्यांचा हिशोब आमच्यापेक्षा चोख असतो.

सगळ्यात मोठा फरक पडला तो यूपीआय फक्त घरखर्चाच्या खात्यावर ठेवल्यामुळे. हे मी ठासून सांगेन, कारण अनेक जण खाती चार उघडतात आणि चारही फोनवरच्या अ‍ॅपला जोडून ठेवतात. मग भाजीवाल्याकडे क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे कमी पडले की खाली दुसरं खातं निवडायला दोन सेकंद लागतात, आणि तिथेच सगळी वाटणी संपते. आम्ही हप्त्यांचं खातं अ‍ॅपमधून काढूनच टाकलं. वर्षाच्या खर्चाच्या खात्याला तर डेबिट कार्डही घेतलं नाही. त्यातून पैसे काढायचे तर नेटबँकिंगमध्ये जाऊन ओटीपी टाकून घरखर्चाच्या खात्यात वळवावे लागतात. एवढा एक टप्पा मध्ये आला तरी हात थांबतो. जॉइंट खात्यावर दोघांच्याही फोनवर यूपीआय चालतं, त्यासाठी दोघांचे मोबाईल नंबर बँकेत नोंदवलेले हवेत. आता किराण्याच्या दुकानातून "अहो, घरखर्चात किती उरलेत?" असा फोन करावा लागत नाही. दोघांनाही तोच आकडा दिसतो आणि तो आकडा खराच खर्च करायला मोकळा असतो.

दूध, रिक्षा, कोथिंबीर असल्या किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट सुरू केलं, म्हणजे खात्यातून थोडी रक्कम आधीच भरून ठेवायचं अ‍ॅपमधलं पाकीट. हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही. पण पासबुकात त्याची एकच भरणा नोंद येते, कुठे काय गेलं ते अ‍ॅपमध्येच पाहावं लागतं. बारीक हिशोब लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मला चालतं, कारण तो आकडा मी एकरकमी 'किरकोळ' म्हणून धरते.

आता तिसरं खातं, माझ्या सगळ्यात आवडीचं. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च आम्ही कागदावर मांडले : शाळेची फी आणि पुस्तकं ५२,००० रुपये, आरोग्य विमा २८,०००, दोन गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग १४,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ६,०००, गौरी-गणपती आणि दिवाळी मिळून २०,०००. बेरीज १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००. दर महिन्याच्या दोन तारखेला ही रक्कम आपोआप तिकडे जाते, नेटबँकिंगमध्ये तशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिलेली आहे. एक अडचण मात्र आधीच ओळखायला हवी. एप्रिलला सुरुवात केली तर जूनच्या फीपर्यंत तीसच हजार जमतात. आम्ही त्या वर्षाचा बोनस आधी त्यात टाकला. बोनस नसेल तर दिवाळीनंतर सुरुवात करा, जूनपर्यंत बऱ्यापैकी रक्कम उभी राहते. गेल्या जूनमध्ये फी भरायला एफडी मोडावी लागली नाही, क्रेडिट कार्डावरही टाकावी लागली नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं.

हप्त्यांच्या खात्यात एका हप्त्याएवढी रक्कम कायम जास्तीची पडून असते. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच व्यवहार (हप्ते खात्यातून आपोआप कापले जातात ते) रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही होतात, त्यामुळे पाच तारीख रविवारी आली तर सोमवारी पैसे भरू असं म्हणता येत नाही. हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा, आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो निराळाच.

चौथं खातं मुद्दाम दुसऱ्या बँकेत ठेवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते, हे मुंबई-ठाण्यातल्या किती घरांनी सोसलं ते आपण पाहिलंय. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला, पण तो एका ठेवीदाराला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. त्याच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागूच नाही. व्याज एक-दोन टक्के जास्त मिळतं म्हणून अडीअडचणीचा पैसा पतसंस्थेत ठेवणारे ओळखीत बरेच आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.

त्रासही आहेत. एका बँकेने एसएमएसचे पैसे दर तिमाहीला कापले, शिवाय न मागितलेल्या डेबिट कार्डाची वार्षिक फी लावली. कार्ड बंद करायला शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागला. किमान शिलकीची अट असलेली चार खाती ठेवली तर बरीच रक्कम नुसती अडकून पडते, म्हणून पगाराचं खातं आणि किमान शिलकीची अट नसलेली खाती यांवरच भागवावं. केवायसी प्रत्येक ठिकाणी वेगळी. आयकर विवरणपत्र भरताना चारही खात्यांचं व्याज दाखवावं लागतं. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात) ते बहुतेक दिसतं, तरी मी पासबुकाशी ताडून घेते. जुन्या करप्रणालीत बचत खात्यांच्या व्याजावर दहा हजारांपर्यंत वजावट मिळते, तीही सगळी खाती मिळून. अडीअडचणीच्या खात्यात दोन वर्षं आपण स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय ठरतं, त्यामुळे अधूनमधून छोटी रक्कम तिकडे पाठवत असते.

चारपेक्षा जास्त खात्यांच्या मी विरोधात आहे. सहलीचं एक, मोबाईलचं एक, असं करत गेलं की पासवर्ड आणि केवायसी सांभाळण्यातच जीव जातो. एकच पगार असेल तर पगाराचं, घरखर्चाचं आणि बाकी सगळ्याचं मिळून एक, अशी तीन पुरतात. आणि नॉमिनी प्रत्येक खात्याला लावा. जॉइंट खात्यालाही लागतो.

सुरू करणार असाल तर आधी स्टेटमेंट काढून आपोआप कापल्या जाणाऱ्या सगळ्या रकमा तारखेसह लिहून घ्या. हप्ते शक्यतो आहेत त्याच खात्यावर राहू द्या आणि त्याऐवजी यूपीआय दुसरीकडे हलवा, ते एका संध्याकाळचं काम आहे. मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी, बदलायचंच असेल तर नवीन मँडेट मंजूर होऊन त्यातून पहिला हप्ता जाईपर्यंत जुन्या खात्यातही हप्त्याएवढे पैसे ठेवा.