साडेतीनशेचा एक्सपोर्टचा शर्ट: चार धुण्यांनंतर

कापूस विकून आल्यावर स्वतःसाठी एक कापड घ्यायचं, हे आमच्या घरी वर्षातून एकदाच होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात हा शर्ट घेतला. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या आमच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या ओळीमागं एक टेम्पो उभा राहतो. मागचा फाळका पाडून त्यावर शर्टांचा ढीग टाकलेला असतो. एकच भाव, साडेतीनशे. घासाघीस केली की पोरगा हसतो आणि पुन्हा तोच भाव सांगतो. "एक्सपोर्टचा माल हाय काका. कापड चोळून पाहा, पैसे मंग द्या." घालून पाहायची सोय नाही, केबिनच्या आडोशाला उभं राहायचं. मी बनियनवरच चढवला. बाजारात मला कोण पाहते?

आधी कापडाचं सांगतो, कारण तीस वर्षं पराटी, म्हणजे कापसाचं झाड, लावल्यावर तेवढं तरी बोटांना कळतं. सुती आहे, खरोखर सुती. दोन बोटांत चोळलं तर सरकत नाही, घाम आला तर अंगाला चिकटत नाही. चौथ्या धुण्यानंतरही रंग तसाच आहे. शिलाईबद्दल बायकोचं मत जास्त खरं, तिच्याकडं मशीन आहे. तिनं सुईच्या टोकानं टाके मोजले, इंचाला बारा भरले. "असे मी शिवत बसली तर दिवसाला एक शर्टही नाही होनार," म्हणाली.

खोडीही आहेत. बाह्या चार बोटं लांब. बाहेरच्या लोकांचा मीडियम आपल्याला लार्ज होतो, म्हणून एक नंबर लहान घ्या. काज इतके आवळ की बोटं दुखतात, आणि तिसरं बटन दुसऱ्याच धुण्यात गेलं. कॉलरवरची कंपनीची पट्टी कात्रीनं अर्धी कापलेली असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ऑर्डरपेक्षा जास्त शिवलेला माल असाच येतो म्हणतात.

पण आत कमरेजवळ शिवलेली पट्टी कापायची राहून गेली होती. शंभर टक्के कॉटन, मेड इन बांगलादेश, आणि खाली कापसाचं नाव सात-आठ भाषांत. काखेत प्लास्टिकच्या दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडाही लटकून होता. त्यावर आकडा २४, मग स्वल्पविराम, मग ९९. मला वाटलं, चोवीसशे नव्याण्णव. पोरगी म्हणाली, "बाबा, ते युरो आहे."

माझा पुतण्या दोन वर्षांपासून जर्मनीत शिकतो. त्याला व्हिडिओ कॉलवर पट्टी दाखवली. त्यानं त्यातला जर्मन शब्द वाचला, 'बाउमवोले'. बाउम म्हणजे झाड, वोले म्हणजे लोकर. झाडाची लोकर! मेंढ्या पाहिलेल्या पण पराटी न पाहिलेल्या माणसानं ठेवलेलं नाव दिसते. मला ते आवडलं मात्र. वेचाई सुरू झाली की धुऱ्यावर उभं राहून पाहा, मेंढरंच बसल्यासारखी दिसतात.

मग मी शर्ट किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. दोनशे तीस ग्रॅम. सूतगिरणीतली आणि कापताना जाणारी घट धरली तर तीनशे ग्रॅम रुई. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे या शर्टाला पाऊण किलोच्या वर, किलोच्या आत कापूस लागला असेल. २०२५ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं ८११० रुपये होता, पण ऑगस्टमध्ये सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरपर्यंत काढलं आणि घरी आलेल्या व्यापाऱ्यानं सात हजारच लावले. त्या भावानं एका शर्टाचा कापूस साठ-बासष्ट रुपयांचा. त्यातले नऊ रुपये वेचणारीला गेले, दहा रुपये किलोनं. बियाणं, खत, फवारणी, डवरणी सगळं उरलेल्या पन्नासात.

तिकडं जर्मनीत तोच शर्ट २४.९९ युरोला, म्हणजे अडीच हजारांच्या वर. पुतण्या म्हणे त्यात १९ टक्के कर आतच धरलेला असतो. हिशेब केला तर चार युरो, चारशेच्या वर रुपये. मी अख्ख्या शर्टाला दिले त्याहून जास्त तिथलं सरकार नुसता कर म्हणून घेते. याच्यावर शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण पुतण्याच्या सरकारी विद्यापीठाला शिकवणीची फी नाही. सेमिस्टरला दोन-अडीचशे युरो भरतो, त्यातच बस आणि रेल्वेचा पास. नळाचं पाणी तसंच पितो. मग तोंड मिटलं. अर्थात फुकट काही नाही. व्हिसासाठी वर्षाचे अकरा हजारांच्या वर युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागले, तेव्हा माझ्या भावानं रस्त्याकडचे दोन एकर विकले.

शर्टापेक्षा मला पुतण्यानं सांगितलेली दुसरीच गोष्ट जास्त लागली. तो केस स्वतःच कापतो. मशीन घेतली आहे, मागच्या बाजूला खड्डे पडतात, कॉलवर टोपी घालून बसतो. "काहून रे?" तर म्हणे कटिंगला बावीस-पंचवीस युरो लागतात. म्हणजे एका शर्टाचे! इथं आमच्या गावात कटिंग सत्तर रुपये, चंपी वेगळी मागावी लागत नाही. मी एका शर्टात पाच वेळा बसून येतो. तिथं एक शर्ट म्हणजे एक कटिंग.

मी हे दोन दिवस डोक्यात घोळवत होतो. केस कापणारा माणूस कंटेनरात भरून आणता येत नाही, शर्ट येतो. जे काम तिथल्याच हातानं करावं लागते त्याला तिथला भाव, आणि जे इकडं करता येते त्याला इकडचा. जर्मनीत २०२५ मध्ये कायद्यानं तासाला कमीत कमी १२.८२ युरो द्यावे लागत, जानेवारी २०२६ पासून १३.९०. पुतण्या शनिवारी एका गोदामात लोकांनी परत पाठवलेल्या कपड्यांच्या घड्या घालतो. लोक तीन साइज मागवतात, एक ठेवतात. घडी घालायचे तासाला तेराशे रुपये. बांगलादेशात जिनं हे इंचाला बारा टाके घातले तिला महिन्याचे कमीत कमी १२,५०० टका, म्हणजे आपले नऊएक हजार. तेवढे हा पोरगा सात तासांत कमावतो, टाका न घालता.

पोरगी एमपीएससीचा अभ्यास करते, तिनं आणखी भर घातली. ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, वरच्या शिवणकामाच्या बायांना मात्र बोलावलं. हे ऐकल्यावर काजात बटन घालताना बोटं दुखली तरी मी तोंडातून काही काढत नाही.

पण बांगलादेशाला गरीब म्हणून नाक मुरडायची आपली सवय तिनं मोडली. सरासरी आयुर्मान जर्मनीत ८१, त्यांच्याकडं ७४ च्या वर, आपल्याकडं ७२. मला खरं वाटेना, तिनं वहीच दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकासाच्या २०२५ च्या अहवालात १९३ देशांत जर्मनी पाचवा, आणि आपण व बांगलादेश दोघंही एकाच पायरीवर, १३०. बायको म्हणाली, "मंग एवढं काय त्याहीले हसता?"

जर्मनीतही सगळंच गोड नाही. रविवारी दुकानं बंद, डिसेंबरात चार वाजता अंधार, डॉक्टरच्या नंबराला तीन-तीन आठवडे. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव पुतण्याला आठ महिन्यांनी कळलं. इथं माझ्या घरी नळ तिसऱ्या दिवशी येतो, शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला जातो तेव्हा काठी आणि बॅटरी लागते, सापापेक्षा रानडुकराची भीती. पण धुऱ्यावर शेकोटी दिसली की बाजूच्या वावरातला कोणी ना कोणी चहा घेऊन येतोच. पुतण्याला हे सांगितलं तर तो काहीच बोलला नाही, नुसती टोपी सारखी केली.

तर शर्टाचं. साडेतीनशेत घ्यावा का? घ्यावा. ढिगात खालचे काढून पाहा, वरचे उन्हानं विटलेले असतात. सगळी बटनं घरी आल्याबरोबर पक्की करून घ्या. पावती मिळत नाही, पण पुढच्या बाजारी माझ्या शेजाऱ्याला साइज बदलून दिली, कटकट केली नाही.

काल पुतण्याचा फोन होता. मार्चमध्ये त्याच्या गावचा एक मित्र तिकडं जाणार आहे. "काका, तसले दोन शर्ट घेऊन ठेवा ना माझ्यासाठी, इथं भल्ले महाग आहेत." मी विचारलं, मीडियम का लार्ज? त्यानं आधी अंगातल्या शर्टाची कॉलर उलटून पाहिली.