कोर्ले बूचा सिकलसेल विभाग: सहा वर्षांच्या फेऱ्यांनंतर

आम्ही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले. नवऱ्याची नोकरी घानात, टेमाच्या स्टीलच्या कारखान्यात. लेकीला सिकलसेल (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) आहे, 'एसएस', म्हणजे दोष दोन्हीकडून आलेला. आम्ही दोघेही 'एएस', म्हणजे नुसते वाहक, आहोत हे तिच्यामुळेच कळलं. पश्चिम आफ्रिकेत बदली झालेल्या आणि घरात असा आजार असलेल्या आपल्या लोकांनी वाचावं म्हणून अक्रातल्या कोर्ले बू टीचिंग हॉस्पिटलबद्दल लिहिते आहे.

आधी थोडं मागचं. लेक तीन वर्षांची असताना नवरा भारतातच दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तिचे हातपाय सुजायचे, रात्रभर रडायची. तिथल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात दोन वर्षं "वाढीचं दुखणं आहे, बाळाला संधिवात असेल" असं ऐकत राहिलो. शेवटी दिवाळीला गावी आलो तेव्हा गावच्या आशाताईंनी (आशा कार्यकर्तीने) विचारलं, "सोल्युबिलिटी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) केली का हो?" नागपूरला इलेक्ट्रोफोरेसिस (हीमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी पक्की तपासणी) केलं आणि उत्तर मिळालं. विदर्भात हा आजार आहे हे डॉक्टरांना १९५० च्या दशकापासून ठाऊक आहे, पण विदर्भाची वेस ओलांडली की ओळखणारं माणूस मिळेलच असं नाही.

म्हणून घानाची ऑर्डर आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोरीला घेऊन आफ्रिकेत जाता, तिथे कोण बघणार तिला? मलाही तीच धास्ती होती. खरी गोष्ट नेमकी उलटी निघाली. घानात जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी साधारण दोघांना सिकलसेल असतो. कुमासीला तर १९९५ पासून नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी सुरू झाली. आपण जी गोष्ट लग्न जमवताना लपवतो, ती इथे लग्नाआधी चर्चचे पाद्रीच विचारतात. माझ्या भाजीवालीलासुद्धा आपलं 'एएस' की 'एसी' (हीमोग्लोबिनच्या 'सी' या दुसऱ्या दोषाचा वाहक) ते माहीत आहे.

कोर्ले बू सुरू झालं १९२३ साली, गव्हर्नर गगिसबर्गच्या काळात, दोनशे खाटांचं. आज खाटा दोन हजारांच्या घरात आहेत. १९६२ मध्ये घाना विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज जोडलं गेलं आणि ते शिकवणारं रुग्णालय झालं. ज्यांनी परळचं केईएम पाहिलंय त्यांना आवारात पाऊल टाकताच ओळखीचं वाटेल: झाडाखाली चटया अंथरून बसलेले नातेवाईक, फाइली छातीशी धरून धावणारे इंटर्न (इथे हाउस ऑफिसर म्हणतात), आणि फाटकाबाहेर केंकी (आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे) आणि तळलेली मासळी विकणाऱ्या बाया.

तेरा वर्षांखालची मुलं चाइल्ड हेल्थ विभागाच्या सिकलसेल क्लिनिकमध्ये जातात. पहिल्या दिवशी मी नागपूरचे रिपोर्ट पुढे केले. सिस्टरने ते बाजूला ठेवले, लेकीची खालची पापणी ओढून डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला आणि तिलाच विचारलं, "कुठे दुखतं तुझं? नेहमी तिथेच दुखतं का?" आठ वर्षांच्या पोरीला आजवर कुणी थेट विचारलं नव्हतं. सगळे मलाच विचारायचे.

शेजारच्या बाकावर एक कोवळी आई होती, बाळ जेमतेम सहा महिन्यांचं. सिस्टरने तिचा हात धरून बाळाच्या डाव्या बरगडीखाली ठेवला आणि बोटांनी पाणथरी (प्लीहा) चाचपायला शिकवलं. "आज एवढी आहे. रोज आंघोळीनंतर बघ. अचानक मोठी लागली आणि बाळ पांढरं पडलं, तर सकाळची वाट बघू नकोस, निघ." त्या आईने तीनदा करून दाखवलं तेव्हाच सिस्टरने सोडलं. मागे पाच-सहा विद्यार्थी उभे होते. त्यांनाही तिने एकेकाला आईची परवानगी घेऊन चाचपायला लावलं. लेकीच्या लहानपणी हे मला कुणीही शिकवलं नव्हतं.

विद्यार्थ्यांबद्दल खुलासा करते, कारण आपल्याकडे "शिकाऊ डॉक्टर हात लावतात" म्हणून लोक कचरतात. माझा अनुभव वेगळा आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही वोल्टा भागात व्ली धबधब्याला गेलो होतो. पोरगी तुषारात भिजली, गार झाली आणि रात्री क्रायसिस (दुखण्याचा तीव्र झटका) आला. पाठ, मांड्या, छाती सगळं धरलं. अक्रा तिथून कित्येक तासांवर. जवळच्या लहानशा सरकारी दवाखान्यात नेलं. ड्युटीवर एकटा तरुण मेडिकल ऑफिसर. त्याने कार्ड पाहिलं आणि दुखणं किती, ताप किती, श्वास कसा, ऑक्सिजन किती, सगळं ओळीने तपासलं. सलाइन लावलं, वजन करून मॉर्फिनचा डोस काढला, पांघरूण मागवलं. पहाटे लेक झोपल्यावर मला म्हणाला, "मम्मी, मी कोर्ले बूच्या चाइल्ड हेल्थलाच हाउसमनशिप (इंटर्नशिप) केली. याच मुलांमध्ये वाढलो मी." कोर्ले बूचं मोल मला त्या रात्री समजलं. पश्चिम आफ्रिकेत एवढ्या मोठ्या पसाऱ्यात तज्ज्ञ मूठभर. ते सगळीकडे पोचणं शक्य नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.

आता लेक चौदाची आहे, म्हणून आवारातल्याच घाना इन्स्टिट्यूट ऑफ क्लिनिकल जेनेटिक्समध्ये जातो. ही संस्था १९७४ ची. घानाचे सिकलसेलतज्ज्ञ डॉ. फेलिक्स कोनोटे-अहुलू यांचं नाव इथे फार आदराने घेतलं जातं. त्यांनी स्वतःच्या घराण्यातला हा आजार पिढ्यापिढ्यांच्या नावांनिशी १६७० पर्यंत मागे शोधला, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांनी १९१० मध्ये नोंद करण्याच्या कितीतरी आधीपासून घानाच्या भाषांत याला शब्द होते हे दाखवून दिलं. गा भाषेत च्वेच्वेच्वे, फांटीत न्वीवी, ट्वीत आहोतुतुओ, एवेत नुइदुदुई. लेकीने हे ऐकलं आणि काउन्सेलिंगच्या सिस्टरला म्हणाली, "ऑन्टी, आमच्याकडे ठसठस म्हणतात. आणि ठणका." सिस्टरने दोन्ही शब्द म्हणून पाहिले. 'ठ' जमेना. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "हो, अगदी असंच दुखतं." तिलाही एसएस आहे. पन्नाशीच्या पुढे आहे ती. लेक तिच्याकडे बघतच राहिली. या आजाराचं पन्नाशीचं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. खरं सांगायचं तर मीही.

सगळं गोड आहे असं नाही. "नो बेड" हा शब्द घानात घराघरात ठाऊक आहे, कारण मोठ्या रुग्णालयांत खाट न मिळणं ही देशभराची अडचण आहे. नर्स मोठ्या संख्येने ब्रिटनला जातात. २०२३ मध्ये डायलिसिसच्या दरावरून कोर्ले बूबद्दल बराच गदारोळ झाला. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देशात रुग्णांना मिळावं म्हणून सरकारने २०१९ मध्ये नोव्हार्टिसशी करार केला, ही मात्र मोठी गोष्ट झाली. लेक ते घेते, आणि वर्षाला पाच-सहा येणारे क्रायसिस आता एकावर आलेत.

जाणाऱ्यांसाठी सांगते. टेमाहून निघायचं तर पहाटे साडेचारची ट्रोट्रो (शेअर मिनीबस) धरा आणि अख्खी सकाळ मोकळी ठेवा, कारण दक्षिण घानाचे पुष्कळ अवघड रुग्ण इथे पाठवले जातात. फोल्डर नंबर (केसपेपरचा नंबर) फोनमध्ये लिहून ठेवा. मोबाइल मनीत पैसे असू द्या. प्युअर वॉटरच्या चार-पाच पिशव्या आणि पातळ स्वेटर सोबत हवंच, जून-जुलैच्या पावसात तर नक्कीच. भारतातले इलेक्ट्रोफोरेसिसचे रिपोर्ट मूळ प्रतीत न्या. त्यात एचबीएफची (गर्भात असतानाच्या हीमोग्लोबिनची, जे जास्त असेल तर आजार सौम्य राहतो) टक्केवारी दिसली की डॉक्टर हमखास थांबून वाचतात, कारण आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये ती बहुधा जास्त असते. मग विद्यार्थ्यांना बोलावतात. बोलावू द्या.