हिरव्या प्रायमरखालची शिवण

एलेरॉनच्या, म्हणजे विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या भागाच्या, बिजागऱ्या बदलायची मुळात गरजच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला फसवणाऱ्या विक्रेत्याला दार मीच उघडून दिलं.

मी बांधत असलेल्या विमानाच्या नकाशात एलेरॉनला एमएस २०००१ जातीची, एक्स्ट्रूड केलेली (धातू साच्यातून दाबून काढलेली) पियानो बिजागरी, म्हणजे लांब सलग पट्टीची बिजागरी आहे. स्वतःला जुना विमान-बिल्डर म्हणवणाऱ्या एकाने मला ‘सुधारित संच’ विकला. तो म्हणाला, पिन आणि भोकं झिजतात, मग प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो आणि प्ले आला की फ्लटरचा, म्हणजे उडताना तो भाग बेकाबू थरथरण्याचा, धोका वाढतो. यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, आणि तिथेच मी गळाला लागलो. मग तुमची बिजागरी का झिजणार नाही, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही.

पूर्ण पैसे आधी घेऊन त्याने संच पाठवला. वर दाट हिरवा प्रायमर, ‘गंजाची काळजी नको’ म्हणून. सोबत २०२४ या ॲल्युमिनियम अलॉयचं प्रमाणपत्र. मी जुने रिव्हेट ड्रिलने काढले, नवी भोकं पाडली. पिन एका टोकाला अडकत होती म्हणून तिथे कानस फिरवली, तर प्रायमर निघाला आणि पिनेच्या नळीवर एक बारीक रेघ दिसली. शिवण!

एक्स्ट्रूड बिजागरीत नळी आणि पट्टी एकाच धातूची, अखंड असते. माझ्या हातात होती ती पत्रा पिनेभोवती गुंडाळलेली. हलक्या झाकणांना ती चालते, पण एलेरॉनच्या भाराखाली ती नळी उलगडू शकते. एक तुकडा व्हाइसमध्ये धरून पार दुमडला. २०२४-टी३ (त्याच अलॉयचा कडक केलेला प्रकार) असता तर चिरला असता. हा मुकाट्याने वाकला. प्रमाणपत्र पुन्हा नीट वाचलं. त्यावर ‘शीट’, म्हणजे पत्रा, लिहिलं होतं, बिजागरीचा उल्लेखच नव्हता. कागद कदाचित खराही असेल, दुसऱ्याच कुठल्या मालाचा.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: “तुम्ही भोकं पाडलीत, आता माल परत घेता येणार नाही.” नंतर फोन उचलणंच बंद.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. खरा घाव स्पारला, म्हणजे बिजागरी ज्यावर बसते त्या तुळईला, बसला. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर हवं. म्हणजे १/८ इंचाच्या रिव्हेटला १/४ इंच. माझी काही भोकं जुन्या-नव्याच्या गर्दीत त्याहून कडेला सरकली होती. शिवाय नव्या पिनेचा मध्य ३ मिलिमीटर खाली आला होता. डिझायनरला लिहिलं, तर त्याने एका ओळीत कळवलं की हिंज लाइन (बिजागरीचा आस) हलली म्हणजे मास बॅलन्स (त्या आसाभोवती वजनाचा तोल) आणि एलेरॉनची हालचाल दोन्ही नव्याने तपासावी लागतील. हाच प्रश्न ड्रिल हातात घ्यायच्या आधी विचारायचा होता.

कुणी असा संच देऊ केला तर प्रायमर न लावलेला मागा आणि नळीचं टोक भिंगाखाली धरा. ‘रंग न लावता पाठवत नाही’ म्हणाला, तर तिथेच थांबा.

सध्या दोन्ही एलेरॉन उघडून टेबलावर पडलेत. स्पार नव्याने बनवतोय.