माहीमची बुधवारची नोव्हेना : एक अभिप्राय

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील बुधवारची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची मरियामातेची कॅथलिक प्रार्थना, मुंबईकरांच्या इतक्या परिचयाची आहे की तिच्याविषयी अभिप्राय लिहिणे काहींना अनाठायी वाटेल. परंतु मनःशांतीच्या सशुल्क शिबिरांची परीक्षणे आपण ज्या चोखंदळपणे वाचतो, त्याच चोखंदळपणे या विनामूल्य उपासनेकडेही पाहायला हरकत नसावी. विशेषतः आजारपण, व्यसन किंवा घरातील कलह यांनी खचलेले अनेक जण, ख्रिस्ती असोत वा नसोत, बरे होण्याच्या आशेने तेथे जातात म्हणून.

या जागी पहिले चर्च पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात उभे राहिले. आजची वास्तू १९७३ मधील आहे. नोव्हेना त्या मानाने अलीकडची. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील उपासनेच्या धर्तीवर ती १९४८ मध्ये सुरू झाली आणि नऊ बुधवार सलग जाण्याचा प्रघात रूढ झाला. नवस बोलण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला तो सहज मानवला असावा.

मरियामातेच्या ज्या चित्रासमोर ही प्रार्थना होते, ते नीट पाहिल्याशिवाय तिचे मर्म कळत नाही, असे माझे मत आहे. मूळ चित्र रोममध्ये आहे. पोप नववे पायस यांनी ते १८६६ मध्ये रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या स्वाधीन केले आणि त्याच्या प्रतिकृती जगभर गेल्या. मरियामातेच्या कडेवर बाळ येशू आहे आणि दोन्ही बाजूंना मायकल आणि गॅब्रिएल हे देवदूत क्रूस, भाला, खिळे अशी पुढील दुःखभोगाची साधने घेऊन उभे आहेत. ती पाहून बाळ दचकले आहे. त्याने आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे आणि एका पायातील चप्पल निसटून लोंबकळते आहे. चित्रातला क्रूस कोणी दूर केलेला नाही, आईनेही नाही. येथे मिळणाऱ्या आरोग्याचे स्वरूप यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही: संकट टळेलच अशी हमी नाही, मात्र भीतीच्या क्षणी धरायला हात आहे.

उपासनेची आखणीही याला धरूनच आहे. स्तोत्रे, सामुदायिक प्रार्थना, भाविकांच्या विनंतीपत्रांचे आणि आभारपत्रांचे वाचन, छोटे प्रवचन आणि आजाऱ्यांना आशीर्वाद असा तिचा साधारण क्रम असतो. मला सर्वांत मोलाचे वाटते ते पत्रांचे वाचन. नोकरी, व्हिसा, परीक्षा, भाड्याचे घर अशा विषयांमागोमाग एखादे पत्र नवऱ्याची दारू सुटल्याचे असते, एखादे भावाला माफ करू शकल्याचे. लिहिणाऱ्याचे नाव कोणालाच कळत नाही, त्यामुळे लाजेने दडपून ठेवलेले दुःख चारचौघांत उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्यालाही आपण एकटे नाही हे उमगते. व्यसनमुक्तीच्या गटांत जे घडते, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे. आजाऱ्यांसाठीच्या पारंपरिक प्रार्थनेत तर शरीराने दुबळ्या झालेल्यांच्या आत्म्याला उभारी देण्याची विनंती आधी येते आणि रोगमुक्तीची नंतर. हा क्रम अनेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय कॅथलिक श्रद्धेनुसार माता केवळ मध्यस्थी करते, बरे करणारा आणि बंधनातून सोडवणारा प्रभू येशूच असतो. प्रोटेस्टंट पंथाच्या माझ्या स्नेह्यांना ही मध्यस्थीच मान्य नाही. त्यांचा आक्षेप जुना आहे आणि तो येथे मिटणारा नाही.

बाहेरच्या दुकानांविषयी मात्र मला थोडे परखडपणे लिहिले पाहिजे. मेणाचे हात, पाय, बाळ, घर, असे ज्याचे जे दुखणे किंवा जी इच्छा, त्या आकाराची वस्तू तेथे मिळते. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या वृद्धेने मेणाचा पाय वाहण्यात मला काही गैर दिसत नाही, कारण शब्द न सापडणाऱ्याची ती प्रार्थनाच असते. पण मेणाचे घर वाहिले की सदनिका मिळणार, असा हिशेब मनात ठेवून आत गेलेला माणूस त्या चित्रापुढे उभा राहूनही चित्र पाहत नाही. काम झाले नाही की तो नऊ बुधवार वाया गेले म्हणतो. श्रद्धेतून मिळणारे स्वातंत्र्य हे मुख्यतः या देवाणघेवाणीपासूनचे स्वातंत्र्य आहे, आणि ते मिळवायला काही जणांना नऊपेक्षा पुष्कळ अधिक बुधवार लागतात.

माहीम स्थानकावरून पश्चिमेला चालत चर्च गाठता येते. उपासना दिवसभरात अनेक वेळा आणि इंग्रजीखेरीज कोकणी, मराठी, हिंदी अशा भाषांतही होते. वेळापत्रक आधी पाहून जावे. संध्याकाळी कार्यालये सुटल्यावर गर्दी फार असते, त्यामुळे वृद्धांना घेऊन जायचे असल्यास सकाळची वेळ बरी. धर्मगुरूंशी निवांत बोलायचे असेल किंवा पापनिवेदन करायचे असेल, तर बुधवार सोडून दुसरा दिवस निवडावा. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करून नोव्हेनेवर विसंबणे सर्वथा चूक आहे. नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीला तेथे अवश्य न्यावे, परंतु मानसोपचारतज्ज्ञाची ठरलेली भेट त्यासाठी चुकवू नये.